माडीवरचं वार्निश

दादा,

तुझ्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. बुलढाण्याहून वकील मंडळी आली होती, शाळेचे हेडमास्तर होते, विहाराच्या कमिटीतले होते. तू असतास तर कोट नीट करून पुढच्या रांगेत बसला असतास. एक जण म्हणाला, यशवंतरावांनी आपल्या अडाणी बापाला सागवानी माडीवर बसवलं, असा मुलगा घराघरात जन्मावा. लोकांनी माना हलवल्या. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे पाहिलं, आणि दोघींनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, आम्ही रडतोय.

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तू मला भांडू दिलं नाहीस. तू वकील होतास. माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी तीन झालेली असत. आता तुला गप्प बसणं भाग आहे.

आधी देणं आहे ते मान्य करते, म्हणजे पुढचं बोलताना जीभ अडखळणार नाही. अमडापूरच्या शाळेत मला दाराबाहेर, उन्हात बसवायचे. तू तेव्हा वरच्या वर्गात होतास. हुशार म्हणून तुला आत, मागच्या भिंतीला टेकून जागा मिळाली होती. ती जागा मिळवायला तुला किती ऐकून घ्यावं लागलं ते मला माहीत आहे. मी शाळेत आले त्या आठवड्यात तू पाटी उचललीस आणि माझ्याशेजारी येऊन बसलास. मास्तरांनी विचारलं, "काऊन बे, तुले आत जागा देली ना?" तू म्हणालास, "माही बहीण भाईर हाय." एवढंच. पुढे ते आपल्याला दोघांनाही आत घेईपर्यंत तू उन्हात बसलास, आणि तुझ्या सावलीत मी बाराखडी शिकले. आज मी ज्या शाळेत शिकवते, त्या शाळेच्या उंबऱ्यावरून आत जाताना मला तू आठवतोस. रोज. तू मला नकोसा झाला होतास त्या वर्षांतही आठवायचास, हा त्रास वेगळाच.

मग त्या मुलाचं काय झालं, दादा? माझा सगळा प्रश्न एवढाच आहे.

राज्य नवं होतं, तुझी वकिलीही नवी होती. आपण धम्म घेतल्याला फार वर्षं झाली नव्हती. चिखलीत तू घर बांधलंस. खाली शहाबादी फरशी आणि वर एक मोठी माडी. माडीची जमीन सागवानी फळ्यांची. लाकूड सोनाळ्याकडच्या जंगलातलं. ट्रकमधून फळ्या उतरल्या तेव्हा बा अमडापूरहून मुद्दाम आला होता. तो प्रत्येक फळीचा वास घेत होता. त्याने आयुष्यभर अशी जमीन खालून पाहिली होती. पाटलाच्या अंगणात, माडीच्या सज्ज्याखाली हुकमाची वाट पाहत उभं राहायचं आणि डोक्यावर, त्या फळ्यांवर चालणाऱ्या पावलांचा आवाज ऐकायचा. वरून ती कशी दिसते, त्याला माहीत नव्हतं.

सुताराने फळ्या ठोकल्या, रंधा मारून सपाट केल्या, आणि मग प्रश्न आला, वरून लावायचं काय? तू लाकडाचे दोन तुकडे तयार करून घेतले होतेस. एकाला जवसाचं तेल पाजलं होतं. दुसऱ्याला आधी अक्रोडी रंग आणि त्यावर वार्निशचे हात. दुसऱ्यात तोंड दिसत होतं. मी तेलाचा तुकडा उचलला.

"हे चांगलं हाय दादा. पायाखाली नरम लागते. मळलं तर पुसलं, उडालं तर पुन्हा तेल दिलं."

"तेलानं लाकूड मळकट दिसते," तू म्हणालास. "बैलगाडीच्या जुवासारखं."

"जमीन हाय ते. चालाची का पाहाची?"

"गया, मास्तरीण झाली तू, पण गाव काही तुह्यातून गेलं नाही."

मला वाटलं, बा माझ्या बाजूने बोलेल. त्याने दोन्ही तुकड्यांवरून हात फिरवला. वार्निशच्या तुकड्यावर त्याचा हात थांबला आणि त्याने त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. दाढीची खुंटं दिसली असतील. तो हसला.

"हेच लाव," बा म्हणाला. "चमकू दे. लोकाइले दिसू दे."

म्हणजे हे तुझ्या एकट्याचं नव्हतं, हे मी कबूल करते. बाला ती चमक तुझ्यापेक्षा जास्त हवी होती. फक्त त्याला ती तुझ्यासाठी हवी होती, आणि तुला ती त्याच्यापासून दूर जायला हवी होती.

शेवटचा हात पुरता वाळायच्या आत तू कोर्टातल्या मंडळींना चहाला बोलावलंस. सुतार म्हणाला होता, थोडे दिवस थांबा. तुला घाई होती. मंडळी पायमोजे घालून, भिंतीच्या कडेने जाऊन खिडकीकडच्या वाळलेल्या भागात सतरंजीवर बसली. बाला तू खाली बसवलं होतंस. पण वर कोणीतरी विचारलं, "वडील कुठे आहेत तुमचे?" आणि जिन्याखाली बाने ते ऐकलं. त्याला वाटलं, बोलावलं. त्याने मोरीत पाय धुतले, ओल्या पायांनीच जिना चढला, आणि दोन्ही हात जोडून सरळ माडीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागे, दारात होते. मी वार्निशवर उठलेली त्याची पावलं पाहिली. टाचांच्या भेगांसकट. उन्हाळ्यात काळी जमीन फाटते तशा भेगा.

घरात तू तोवर गावचंच बोलायचास. पाहुण्यांसमोर तू पुस्तकी बोलायचास. "बा, तुम्हाला सांगितलं होतं ना? हे काय शेत आहे?"

कोणीतरी हसलं. कोणीतरी "जाऊ द्या हो यशवंतराव" म्हणालं. बाने खाली पाहिलं. मग तो मागे मागे निघाला. पण कसा, ते तू पाहिलंस का? तू पाहुण्यांकडे वळला होतास. तो आपल्याच उठलेल्या पावलांत पाय ठेवत मागे गेला, म्हणजे नवी पावलं उठू नयेत. मान वळवून, एकेक पाऊल शोधत, म्हातारा माणूस.

दुसऱ्या दिवशी तू सुताराकडून तो पट्टा काचेने खरवडून घेतलास आणि पुन्हा हात दिलास. डाग राहिला नाही.

मग बाच्या पायांना चिंध्या दिसू लागल्या. तो तेव्हा तुझ्याकडेच राहायला आला होता. तू कोर्टात गेलास की दुपारी तो माडीवर जायचा. पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या पावलांना गुंडाळून, घोट्यावर गाठ मारून. मी सुट्टीत आले होते तेव्हा विचारलं, "हे काय बा?"

"काई नाही वो. पाय उलले हायेत माहे, जमिनीले ओरखडे पडतेत. अन् चालता चालता पुसणं बी होते." तो पाय घसटत चालून दाखवायला लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लहान पोराला नवा खेळ सापडावा तसा. मी हसले. वहिनीही हसली. तिला तेवढंच पुसायचं कमी. ती ती जमीन रोज गुडघ्यांवर बसून पुसायची, आणि संध्याकाळी तू आल्यावर उजेडाकडे तोंड करून, मान तिरपी करून तपासायचास.

कपाशी वेचणीचे दिवस होते. दुपारची वेळ. खाली मी आणि वहिनी ज्वारी निवडत होतो. वर धप्प आवाज झाला. ओरडणं नाही, काही नाही. आम्ही धावलो. बा माडीच्या मध्यावर कुशीवर पडला होता, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. चिंध्या पायात तशाच. फळ्यांवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं, वरचं आणि खालचं.

वहिनी डॉक्टरला आणायला माणूस पाठवायला धावली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो पहिलं वाक्य काय बोलला, तुला सांगते. तू विचारलं नाहीस म्हणून कधी सांगितलं नाही.

"जमिनीले ओरखडा त नाही पडला?"

आणि दुसरं, "चिंध्या सोड माह्या. यशवंताले सांगू नको. मनाले लावून घेईन तो."

मी गाठी सोडल्या. त्या पक्क्या मारल्या होत्या. तू कोर्टातून परत आलास तेव्हा बा खाली खाटेवर होता, पाय उघडे होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात ते जुळणं कठीण. बा पडून राहिला. त्याच्या पाठीला जखमा झाल्या. मी शाळेतून रजा काढून येत होते, वहिनी आणि मी त्याला कुशीवर वळवायचो, तेव्हा तो आमच्यावर चिडायचा नाही, स्वतःच्या पाठीवर चिडायचा. जखमांचा वास घरभर यायचा. तू संध्याकाळी आलास की दारातच उभा राहायचास. नाकाला रुमाल लावला नाहीस, तेवढं मी पाहिलं आहे. पण रोज एकच बोलायचास, तेही आता पुस्तकी.

"बा, काठी घेतली असती तर ही वेळ आली नसती. किती वेळा सांगितलं."

"हाव रे बाबा," बा म्हणायचा. "माहीच चूक."

रोज. दारातून. आणि मी तिथे बसून माझी जीभ दातांखाली धरायची, कारण मी बाला शब्द दिला होता. ऊन तापायला लागलं आणि बा गेला. शेवटी शेवटी तो माझं नाव विसरला होता, तुझं नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला मोठमोठी माणसं येणार होती. आदल्या दिवशी मी चिखलीला आले तर घरभर टर्पेंटाइनचा वास. सुतार माडीवर वार्निशचा ताजा हात देत होता. मी तुला जिन्यात गाठलं.

"दादा, ते खरवडून टाक. तेल लाव, माती लिंप, काही कर. त्याच्यावर बाचा जीव गेला."

"बा म्हातारा झाला होता, गया. डोळ्यांना दिसत नव्हतं. जमिनीचा काय दोष?"

"एवढं तरी आज..."

"लोक येणार आहेत," तू म्हणालास आणि वर गेलास.

त्यानंतर मी तुझ्या दारात आले नाही. तू निरोप पाठवलेस, वहिनी बाजाराच्या निमित्ताने अमडापूरला माझ्याकडे यायची आणि डोळे पुसून जायची. तुझ्या पोरीच्या लग्नात मी मांडवात आले, घरात आले नाही. मला वाटायचं, मी एक मोठी गोष्ट पोटात ठेवून आहे, तुला वाचवते आहे, आणि तू मजेत आहेस.

या वर्षी वहिनी आली ती रडली नाही. म्हणाली, "बाई, चला. यायच्या पोटात गाठ हाय. नागपुराहून परत पाठोलं."

मी आले. तुझी खाट माडीवर टाकली होती. तू इतका बारीक झाला होतास की मला आधी वाटलं बाच झोपला आहे. मी तुला पेज भरवत होते. एका संध्याकाळी तू वाटी बाजूला सारलीस. पुस्तकी भाषा तुझ्या तोंडातून केव्हाच गेली होती.

"गये, बाच्या पायाले चिंध्या होत्या. तूनं सोडल्या ना?"

मी विचारलं, "तुले कोणं सांगतलं?"

"माह्या धोतराच्या होत्या. म्याच फाडून देल्या. म्हटलं, बा, वर जाचं असन त हे बांधून जात जाय."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बा मले म्हणे," मी म्हणाले, "यशवंताले सांगू नको."

"मले बी म्हणे. गयेले सांगू नको म्हणे. नाही त ते पोरगी तुह्या दारात पाय नाही ठेवाची." तू हसल्यासारखं केलंस. ओठ सुकले होते, ते फाटले. "अन् तू त नाहीच ठेवला."

म्हणजे बाने आपल्या दोघांनाही शपथ घातली होती, दादा. मोडलेलं हाड घेऊन, पाठीत किडे पडायची वेळ आली तरी, तो तुझी माझी गाठ सुटू नये म्हणून दोन्हीकडे खोटं सांभाळत पडला होता. आणि त्याला जे व्हायला नको होतं, ते झालंच. त्याचं मरणही वाया गेलं आणि त्याचं खोटंही.

"काही बोल गये," तू म्हणालास.

मी म्हणाले, "पाठीले लावाले तेल आणतो." आणि खाली गेले. चुलीपाशी उभी राहिले. वर आले तेव्हा तू डोळे मिटले होतेस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, वहिनीला हाक मारलीस, पण त्या गोष्टीवर आला नाहीस. आणि गेलास.

तर बोलते आता.

वार्निश लावलंस, त्याचं मला काही नाही. ज्याच्या बापाने अशी जमीन खालूनच पाहिली, त्याला ती आरशासारखी हवी वाटली तर मी कोण नावं ठेवणार? पाहुण्यांसमोर बोललास, तेही एक वेळ मी गिळीन. तू घाबरला होतास. ती माणसं केव्हा उठून जातील याची भीती तुला कायम होती. चिंध्या दिल्यास. दे. तुला काय ठाऊक तो पडेल म्हणून.

पण काठी, दादा? तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं, आणि तू रोज संध्याकाळी दारात उभा राहून त्या माणसाला काठीवरून बोललास. त्याच्याकडून "माहीच चूक" म्हणवून घेतलंस. एखाद्या खोट्या साक्षीदाराला पढवावं तसं. त्याने ते म्हटल्याशिवाय तुला जेवण जात नसे, हे मला आता कळतं. हे मी माफ करत नाही. मरताना सांगितलंस म्हणून काही कमी होत नाही. तू सांगितलंस ते तुझं हलकं व्हावं म्हणून. माझं जड झालं त्याचं काय?

आणि तरी मला गये म्हणणारं आता कोणी उरलं नाही. शाळेत बाई, गावात मास्तरीण, वहिनीची बाई. काल पाढे शिकवताना एका पोरीने मला विचारलं, बाई, तुमचं नाव काय? मला सांगायला वेळ लागला. तुझा राग येतो तेव्हा आधी तो उन्हात बसलेला पोरगा दिसतो, मग दारात उभा असलेला वकील, आणि मी दोघांना वेगळं करू शकत नाही. तू मला फार वाईट दुःख देऊन गेला आहेस. नुसतं रडावं असंही नाही.

शोकसभा झाली, पाहुणे पांगले. माडीवरचं वार्निश तुझ्या खाटेच्या पायांनी जागोजाग उडालं आहे. वहिनी म्हणाली, "बाई, आता काय लावाचं थे तुम्हीच सांगा." आम्ही दोघी बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "वकीलसायबाच्या माडीले ना? थेच वार्निश देऊ?"

"नको," वहिनी माझ्या आधी बोलली.

"मग जवसाचं तेल? सागवान खुलते."

वहिनीने फळीवरच्या डब्यांकडे बोट केलं. हिरमजी तेलरंग. गाड्यांच्या चाकांना, गोदामाच्या दारांना देतात तो, विटकरी लाल.

"ताई, सागवानाले कोणी हा रंग देते काय? रेषा बुजून जाईन सारी."

"बुजू द्या," वहिनी म्हणाली.

सुताराला बोलावलं नाही. आम्हीच पदर खोचून बसलो. खिडकीकडून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत आलो. लाकडावरची एकेक रेघ रंगाखाली गेली. रंग ओला असतानाच वहिनीने चाळणीने बारीक रेती भुरकली, म्हणजे पाय सटकू नये. तिचे गुडघे वाजत होते. एवढ्या वर्षांनी काळे पडून घट्टे पडलेत त्यांना.

चांगलं वाळू दिलं. मग वहिनी अनवाणी आत गेली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. टाच आपटत, भराभरा. जमीन खरखरीत झाली आहे. एसटी स्टँडच्या बाकड्यासारखी दिसते. तोंड तर सोडाच, उजेडही दिसत नाही तिच्यात. वहिनी परत दारात येऊन उभी राहिली, तिला दम लागला होता.

"यायले आवडलं असतं काय हो हे?" तिने तुझ्याबद्दल विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "बिलकूल नाही."

तिने डबा हलवून पाहिला. तळाशी रंग शिल्लक होता.

"मग अजून एक हात देऊ," वहिनी म्हणाली.